जित्याचं कडवं

आमच्या भागात गाणं बांधणाऱ्याला त्या गाण्यातून हमखास मिळते अशी एकच गोष्ट आहे, आणि तीही त्याला स्वतःच घ्यावी लागते. शेवटच्या कडव्यात तो आपलं नाव घालतो. 'अमका म्हणे', 'तमका सांगे'. नाव आलं की गाणं संपलं हे श्रोत्यांना कळतं आणि ते चहाकडे वळतात. त्यामुळे गाणाऱ्याचं नाव निम्म्या लोकांनी पाठमोरं ऐकलेलं असतं. तरी ते असतं.

उकंडराव पडघाननं या रिवाजात एक भर टाकली. त्याच्या पार्टीतला ढोलकीवाला दौलतराव वारला, तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात उकंडरावनं आपल्या नावाशेजारी दौलतरावचं नाव जोडून कडवं म्हटलं. लोक उठून उभे राहिले. पुढे कोरस म्हणणारी लखमा गेली, तिचंही जोडलं. मग ते चालूच झालं. वाशीमकडच्या मालेगाव तालुक्यात आणि आसपास कोणी गाणारा-वाजवणारा गेला की उकंडरावच्या कडव्यात त्याचं नाव एकदा यायचं, लोक शांत उभे राहायचे, आणि मगच तो माणूस मेला हे पक्कं व्हायचं. ग्रामपंचायत दाखला देवो न देवो.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला.

उकंडराव किन्हीराजाचा. आधीची पोरं जगत नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्याला उकिरड्यावर ठेवला आणि परत उचलून आणला, त्यावरून हे नाव. पुण्याच्या कॅसेटवाल्यांना ते टोपणनाव वाटलं, आणि अशी कल्पकता दाखवल्याबद्दल त्यांनी त्याचं अभिनंदन केलं. भीमजयंतीच्या पार्टीत कोरस म्हणत तो वाढला, आणि एक दिवस गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून किन्हीराजाच्या स्टेजवर उभा राहिला. समोरच्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "याले पेटी नाही परवडली का?" तिथून पुढे कॅसेट आली, कॅसेट गेली, सीडी आली, तीही गेली, मानेवर केस आले, ते तर सगळ्यात आधी गेले. उकंडराव राहिला. आता त्याचं गाणं डीजेवर वाजतं. वीज नसल्याबद्दलचं ते गाणं वरातीत जनरेटर लावून वाजवतात आणि त्यावर नाचतात.

गाण्याचं धृपद असं:

*खांब आला, तार आली, वीज काहून येईना,*
*वस्तीतल्या अंधाराले वाट कोनी देईना.*

शब्द उकंडरावचे. चाल जमशेदची.

जमशेदचं मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नाकार्याला तो भोंगेही भाड्यानं द्यायचा, आणि उरलेल्या वेळात बेंजो वाजवायचा. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली पेटी, कव्वालीच्या पार्टीत असते ती. एकदा त्यानं बिघडलेल्या टेलिफोनचा कानाकडचा भाग काढून बेंजोच्या पोटात बसवला, वायर भोंग्याच्या मशीनला जोडली आणि पहिला सूर काढला. समोरच्या खानावळीतले लोक हातातला घास घेऊन बाहेर आले. त्यांना वाटलं ट्रान्सफॉर्मर उडाला. त्या आवाजाला शहरात पुढे रॉक म्हणाले. जमशेद त्याला 'खरखर' म्हणायचा, आणि ती कशी घालवावी म्हणून चिमटा घेऊन बसला होता.

"राहू दे," दुकानात बसलेला उकंडराव म्हणाला. "मले हेच पाह्यजे."

त्या खरखरीतून जमशेदनं चाल काढली आणि उकंडरावनं तिच्यावर शब्द बसवले. शेवटचं कडवं दोघांनी मिळून घातलं:

*उकंडा-जमशेद म्हणे, वात आपली लावू,*
*आपल्याच उजेडात आपलं गानं गाऊ.*

तीन-चार वर्षं दोघं गावोगाव हे म्हणत फिरले. मग पुण्याचं बोलावणं आलं. कॅसेट काढायची होती, गिटार आणि ड्रमवाली कॉलेजची पोरं तिथं तयारच होती, आणि यायचं होतं एकट्या गायकानं. "आठ दिवसांत येतो," असं सांगून उकंडराव गेला. तिथल्या माणसानं सांगितलं, दोन नावं लोकांच्या ध्यानात राहत नाहीत, एकच ठेवा. कोणतं ठेवायचं हे त्यानं सांगितलं नाही. उकंडरावनं विचारलंही नाही. कडवं झालं: *उकंडा हा म्हणे बापा, वात आपली लावू.* जमशेदच्या जागी बापा आला. हा कोणाचा बाप, याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही.

पुढे काही शहाण्या लोकांनी उकंडरावला एक तयार कारण देऊन पाहिलं: दिवस दंगलींचे होते, नाव मुसलमानाचं होतं, कंपनी घाबरली असेल. त्यानं ते घेतलं नाही. एवढं त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो.

जमशेदला हे कळलं ते दुकानात बसल्या बसल्या. एका गिऱ्हाइकानं टेप दुरुस्तीला आणला. दुरुस्त झाल्यावर तो चालतो का ते पाहायला जमशेदनं गिऱ्हाइकाचीच कॅसेट लावली. शेवटपर्यंत ऐकली. मग कॅसेट काढून हातात दिली आणि म्हणाला, "टेप चांगला चालून राह्यला. न्या."

दोघांचं भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. बसस्टँडवर समोरासमोर आले की "काय जमशेद?" "काय उकंडा?" एवढं व्हायचं, आणि दोघांचीही एसटी नेमकी तेव्हाच लागायची.

मी वाशीमच्या एका साप्ताहिकात बरीच वर्षं तिरकस सदर लिहायचो. वाचून कोणी सुधारलं नाही, पण उकंडरावची माझी दोस्ती झाली. तो मला संपादक म्हणतो. मी संपादक कधीच नव्हतो. गेल्या हिवाळ्यात अकोल्याला त्याच्या हृदयात दोन नळ्या बसवल्या, तेव्हा भेटायला म्हणून किन्हीराजाला गेलो. ओसरीत उन्हाला बसला होता. तब्येतीचं विचारलं तर म्हणाला, "संपादक, मले जमशेदचं नाव परत घालाचं आहे."

"घाला की. अडवलंय कोणी?"

"अडवलं कोनीच नाही. तेच त वाईट आहे." थोडा वेळ गुडघ्यावर बोटं वाजवत राहिला. "दौलतराव मेला, त्याचं घातलं. लखमाचं घातलं. ज्याले मी दोनदाच पाह्यलं त्या पातूरच्या क्लॅरोनेटवाल्याचं बी घातलं. अन् चाल ज्याची आहे, जिता आहे, त्याचंच नाही. उद्या ह्या नळ्या बंद पडल्या त?"

त्याची बायको गंगू चहा घेऊन आली. आत बसून तिनं सगळं ऐकलेलं होतं. "मी कवाची सांगून राह्यली यायले. आधी त्याच्या घरी जा. त्याले इचारा. मंग घाला."

"अन् तो नाही म्हणला त?"

"त नाही घालाचं."

"म्हणूनच आधी घालतो. मंग सांगाले जातो."

"यायचं सगळं असंच हाय," गंगू मला म्हणाली. "आमच्या लग्नात बी आधी मांडव घातला, मंग पोरगी पाहाले आले."

मेडशीला विहाराच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता. आजारपणानंतर उकंडराव पहिल्यांदा स्टेजवर जाणार होता. तिथं नाव घालायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंगरूळपीरला जमशेदच्या घरी जाऊन सांगायचं, असं ठरलं. मीही बरोबर जाणार होतो. माफी मागायला जाताना माणसाला सोबत लागते, आणि मला दुसरं काम नव्हतं.

मेडशीचा कार्यक्रम दुपारी चारचा, म्हणजे साडेपाचला सुरू झाला. संयोजक सतीश, बोलायला खंबीर पोरगा. त्यानं ओळख करून दिली: "शब्द तेच, चाल तेच, संगीत तेच, आवाज तेच. सबकुछ उकंडदादा." उकंडराव खोकला. सतीशला वाटलं तब्येत. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

उकंडरावनं गिटार घेतली आणि पहिल्या धृपदालाच मांडव आपला करून टाकला. आवाज पूर्वीचा नव्हता. वरच्या सुराला तो गिटारला पुढे घालायचा आणि स्वतः मागून यायचा. पण चुकला कुठंच नाही. शेवटच्या कडव्याआधी त्यानं तारा थांबवल्या, डोळे मिटले आणि म्हणाला,

*उकंडा-जमशेद म्हणे, वात आपली लावू...*

पहिल्या ओळीतले दोन म्हातारे उठले. त्यांच्यामागे सगळा मांडव उठला. टाळी नाही, शिट्टी नाही. बायांनी पदर डोक्यावर घेतले. माना खाली गेल्या. उकंडरावनं डोळे उघडले तेव्हा समोर सगळं गाव उभं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, समजलं लोकांना. इतक्या वर्षांचं समजलं. मलाही तेच वाटलं, आणि मीही उभा राहिलो.

खाली उतरल्यावर निता नावाच्या एका शिक्षिकाबाई हात जोडून पुढे आल्या. "लय वाईट झालं, दादा."

"हो बाई. लयच वाईट झालं."

"तुमचे जवळचे होते?"

"जवळचा? चाल त्याचीच व्हय."

"आमाले माहीतच नव्हतं."

"मी सांगतलंच नव्हतं ना. आज मोकळा झालो."

बाईंनी डोळे पुसले. उकंडरावनंही पुसले. दोघांचं एकमेकांशी पूर्ण एकमत झालं.

वाचकांच्या ध्यानात सगळं केव्हाच आलं असेल. आमच्या नाही आलं. आम्ही जीपनं किन्हीराजाला परतलो, गंगूनं केलेलं पिठलं खाल्लं आणि शांत झोपलो. उकंडराव घोरत होता. गंगू म्हणाली, कित्येक दिवसांत असा झोपला नाही.

सकाळी सतीशचा फोन आला. उकंडरावनं ऐकलं, "कवा?" एवढं विचारलं आणि फोन माझ्याकडे दिला. सतीश सांगत होता की जमशेदचाचा गेले, काल गेले म्हणे, ग्रुपवर आलं आहे, मेडशीहून गाडी भरून आम्ही निघालो, तुम्ही थेट या. ग्रुपवरचा तो मजकूर त्यानं पाठवलाही. जमशेदचा फोटो कोणाकडे नव्हता म्हणून बेंजोचाच फोटो लावला होता आणि त्याला हार घातला होता. खाली मालेगाव, शेलूबाजार आणि पार पुसदपर्यंतच्या लोकांनी हात जोडले होते.

"काल," उकंडराव म्हणाला. "मी तिथं त्याचं नाव घेऊन राह्यलो अन् तो इकडं जाऊन राह्यला." त्याच्या मनात एकदाही आलं नाही की ही बातमी त्याच्याच तोंडातून निघून, गावाला वळसा घालून, त्याच्याच कानात परत आली आहे. माझ्याही आलं नाही. बातमी चार ठिकाणांहून आली तरी ती एकाच ठिकाणची असू शकते, हे मी आयुष्यभर सदरात लिहीत होतो.

शेलूबाजारला एसटी बदलून आम्ही मंगरूळपीरच्या गाडीत बसलो. त्यांच्यात माती लवकर देतात, म्हणून उकंडरावला घाई होती. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला तर हा दारापर्यंत जाऊन आला. मग बसला तो खिडकीबाहेर पाहत. तुरी निघालेली रानं मागे जात होती.

"संपादक, काल मी कडवं म्हणलं तवा तो जिता असन का?"

"असेल."

"मंग ऐकू गेलं असन का?"

"मेडशीहून मंगरूळपीरला?"

"त्याचे भोंगे जात व्हते."

कंडक्टर आला, मी तिकिटं काढली.

"गंगूचं ऐकून आधी गेलो असतो, त दोन दिवस भेटला असता." काही वेळानं म्हणाला, "तुले एक सांगू? ही एसटी त्याच्या दुकानासमोरून जाते. मी तीस वर्षं या गाडीनं येणं-जाणं केलं. दरखेपेले दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसलो." आता तो नेमका दुकानाच्या बाजूला बसला होता. दुकान आलं. त्याचं आता मोबाईलचं दुकान झालेलं होतं, कोणा तिसऱ्याचंच. उकंडरावनं तरी हात जोडले.

जमशेदचं घर दर्ग्याच्या मागच्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी मेडशीची गाडी उभी होती आणि डोक्याला रुमाल बांधलेली माणसं भिंतीला टेकून बशीत चहा ओतत होती. दारात जमशेदची बायको हाजराबी उभी. उकंडरावला पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"आओ, तुम भी आओ. सुबे से मय्यत खुद लोगाँ को चाय पिला रई है."

आत अंगणात खुर्चीवर जमशेद बसला होता. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, मेंदी लावलेली दाढी, हातात चहाची किटली. त्यानं वर पाहिलं.

"तू बी आला? बस. मिट्टी दुपारच्या नमाजनंतर आहे."

 मला उकंडरावच्या नळ्यांची काळजी वाटली. मी त्याला धरून बाकड्यावर टेकवला. तो जमशेदकडे पाहत राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "तू जिता आहे."

"काय?"

जमशेदची नात नमरा कॉलेजात शिकते. ती मागून म्हणाली, "ज़ोर से बोलिए. दादाजान को सुनाई नहीं देता."

जन्मभर भोंग्यांच्या खाली उभं राहून त्यानं दुसऱ्यांचे आवाज मोठे केले, त्यात स्वतःचे कान गेले. हे उकंडरावला माहीत नव्हतं. बसस्टँडवर "काय जमशेद?" म्हटल्यावर जमशेद "काय उकंडा?" म्हणायचा, ते बहुधा ओठ पाहून.

आता अडचण अशी, की माफी ही हळू आवाजात मागायची वस्तू आहे. उकंडरावनं येताना काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, कारण मेलेल्याशी बोलावं लागत नाही. तो खुर्चीजवळ सरकला आणि म्हणाला, "मी तुयं नाव काढलं."

"काय काढलं?"

"नाव."

"कोनाचं?"

"तुयं. कडव्यातलं. पुण्याले. मी काढलं." तो चौथ्यांदा ओरडून म्हणाला तेव्हा गल्लीतली माणसं बशा खाली ठेवून दारात जमा झाली होती. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या दोन बाया थांबल्या.

"ते त मले माहीत आहे," जमशेद म्हणाला. "नवीन काय ते सांग."

"काल परत घातलं."

"म्हणूनच त मी मेलो." त्यानं किटली सतीशच्या दिशेनं केली. सतीश भिंतीकडे तोंड करून उभा होता. "हे पोरगं सकाळी आलं, मले पाह्यलं अन् किंचाळलं. मंग म्हणते, उकंडदादानं नाव घेतलं. मी म्हणलं, उकंडानं माझं नाव घेतलं असन त मी मेलोच असन. याच्या आधी त कवा घेतलं नाही."

लोक हसले. उकंडराव हसला नाही.

मेडशीहून आलेला ग्यानबा नावाचा एक जख्ख म्हातारा काठी टेकत पुढे आला. म्हणाला, "चाल बेंजोवाल्याची व्हय, हे आमाले ठाऊक व्हतं. किन्हीराजाले पहिल्या खेपेले म्हणलं तवा मी समोर बसलो व्हतो. दोन नावं व्हती."

नमरानं ते आजोबांच्या कानात ओरडून सांगितलं. जमशेदनं ग्यानबाकडे बराच वेळ पाहिलं. "तुले ठाऊक व्हतं. मंग कवा बोलला काहून नाही?"

"ज्याचं गानं त्यानं बोलावं. आमी मधात कायले पडू?"

आणखी दोघं-तिघं म्हणाले की आम्हालाही माहीत होतं. एक जण म्हणाला, त्याचा बाप हे गाणं निघालं की बेंजोवाल्याचं म्हणायचा. सगळ्यांना माहीत होतं. माहिती गावोगाव पडून होती, आणि प्रत्येकजण दुसऱ्यानं बोलायची वाट पाहत सज्जनपणे गप्प होता. उकंडराव हे खाली पाहून ऐकत होता. त्याला इतके दिवस वाटत होतं की तो एक गोष्ट लपवतो आहे.

"म्हण," जमशेद म्हणाला.

"काय?"

"गानं. एवढी मानसं आली आहेत माझ्या मातीले. काही त झालं पाह्यजे."

गिटार नव्हती. उकंडरावनं तसंच सुरू केलं. जमशेद त्याच्या तोंडाकडे पाहत मांडीवर ताल धरू लागला, आणि एका ओळीतच कळलं की दोघांचं जमत नाही. पुण्याच्या पोरांनी गाणं पळवलं होतं, आणि तेव्हापासून उकंडराव ते पळतच म्हणत आला होता. जमशेदच्या मांडीवर मूळचा ताल होता, बैलगाडीच्या चालीचा. त्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तो बदलण्याचा प्रश्न नव्हता. उकंडरावनं त्याच्या हाताकडे पाहिलं आणि हळू झाला. अजून हळू झाला. वरचे सूर, जिथं तो हल्ली गिटारला पुढे घालायचा, ते या चालीत खालीच होते. त्याचा म्हातारा गळा तिथं आरामात बसला. सतीश माझ्या कानात म्हणाला, "हे दुसरंच गानं आहे का?" मेडशीच्या पोरांपैकी कोणालाच ते ओळखू आलं नाही. ग्यानबा तेवढा ओठ हलवत होता.

शेवटचं कडवं आलं. "उकंडा-जमशेद म्हणे". जमशेदनं नाव ओठांवर पाहिलं आणि मान हलवली. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात, तेवढीच. मग हात मांडीवरून उचलला.

"झालं," तो म्हणाला. "आता पुन्हा घालू नको."

"काहून?"

"तू जिथं म्हणशील तिथून गाडी भरून लोक येतीन. हाजराबी किती दूध आणन?"

"मी सांगीन ना लोकाइले. माइकवरून सांगीन का जिता आहे."

"कोनाकोनाले सांगशील? तू आतापावतर मेलेल्याचंच नाव घेतलं, उकंडा. लोकाइले तेच समजते. जित्याचं घ्याची येळ व्हती, तवा..."  त्यानं किटली हलवून पाहिली. ती रिकामी होती. "मी खरा गेलो का मंग म्हणजो. तवा कोनी चुकणार नाही."

उकंडरावनं किटली त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "अन् मी आधी गेलो त?"

"काय म्हणते?" जमशेदनं नमराला विचारलं.

नमरानं उकंडरावकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुछ नहीं, दादाजान," ती म्हणाली. "कह रहे हैं, ठीक है."

मीही काही सांगितलं नाही.

हे झालं माघात. तेव्हापासून उकंडरावनं तीन-चार कार्यक्रम केले. प्रत्येक ठिकाणी तो ते गाणं शेवटच्या कडव्याच्या आधी थांबवतो. सुरुवातीला त्यानं माइकवरून सांगून पाहिलं की हे कडवं अर्धं आहे, दुसरं नाव बाकी आहे, म्हणून म्हणत नाही. लोकांना तो नम्रपणा वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कडवं स्वतःच म्हटलं. मग त्यानं सांगणं सोडून दिलं. आता तो गिटारच्या तारांवर पंजा दाबून, तोंड बंद ठेवून उभा राहतो. समोर बाया, म्हातारे, नाचून दमलेली पोरं, सगळी त्याच्याकडे पाहून हसतात, आणि त्याला मान खाली घालायलाही जागा न ठेवता, एका सुरात त्याचंच एकट्याचं नाव म्हणतात.